आधी कारण, मग पाना
(जुन्या फोर-बाय-फोर जीपची घरगुती दुरुस्ती : प्रस्तावना)

तंजावरहून तिरुवैयारुला येणारा रस्ता जेमतेम १३ किलोमीटरांचा. तेवढ्यात पाच नद्यांवरचे पूल लागतात : वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि गावाच्या तोंडाशी कावेरी. रस्ता डांबरी आहे, त्यावरून कोणतीही गाडी सुखाने येते. डांबर सोडून बांधावर उतरलं की मात्र जमीन बदलते. भाताच्या खाचरांत चिकणमाती, नदीच्या पात्रात मऊ वाळू आणि काठच्या पडुगै जमिनीत केळी-उसाच्या मधून जाणाऱ्या ओल्या वाटा. मेट्टूर धरणाचं पाणी सोडण्याची रूढ तारीख १२ जून. ते कालव्यांतून खाली पोचलं की कुरुवै या भातपिकाची लावणी होते, मागोमाग सांबा हे भातपीक येतं आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो. या काळात खताची पोती, पाण्याचा पंप, पाइप किंवा केळीचे घड इकडून तिकडे न्यायचे तर एक तर ट्रॅक्टर जुंपावा लागतो, नाही तर चारही चाकांना ओढ असलेली जुनी जीप हाताशी असावी लागते.

हे पुस्तक त्या जुन्या जीपविषयी आहे. कुणीतरी वापरून सोडलेली, कधी सरकारी खात्यातून, कधी इस्टेटीवरून, कधी लष्कराच्या लिलावातून आलेली गाडी विकत घ्यायची, घराच्या आवारात उभी करायची आणि आपल्या हातांनी चालती ठेवायची, एवढाच त्याचा विषय. मी तिरुवैयारुत राहतो, त्यामुळे उदाहरणं बहुतेक कावेरीकाठची आहेत. पण चिखल, वाळू, गंज आणि जुनी वायर यांचा स्वभाव कोकणात, चंदगडात किंवा मेळघाटातही वेगळा नसतो.

मराठी वाचकाशी या गाडीचं नातं जवळचं आहे. भारतात जीपची जोडणी सुरू झाली ती मुंबईत. १९४५ साली 'महिंद्र अँड मोहम्मद' या नावाने सुरू झालेली आणि १९४८ साली 'महिंद्र अँड महिंद्र' झालेली कंपनी अमेरिकेतल्या विलिस कंपनीच्या जीपचे सुटे भाग आणून माझगावात त्यांची जोडणी करू लागली. पुढे भाग इथेच घडू लागले आणि कांदिवली व नाशिकच्या कारखान्यांतून जीप देशभर गेली. विलिसने सीजे-३बी हे उंच नाकाचं मॉडेल १९५३ साली काढलं आणि १९६८ साली अमेरिकेत त्याचं उत्पादन थांबलं, पण त्याच ठेवणीच्या गाड्या महिंद्रने पुढची कित्येक दशकं बनवल्या. एमएम ५४० ही त्यांतली सर्वांत ओळखीची. तिच्या बॉनेटखाली प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनलेलं २११२ सीसीचं डिझेल इंजिन असतं. पुण्याच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, गुरखा आणली. जबलपूरच्या लष्करी कारखान्यात १९६९ ते १९९९ या काळात जोंगा बनली, ती निसान पेट्रोलच्या आराखड्यावरची. पोलीस, वनखातं, पाटबंधारे, वीजमंडळ, चहाचे मळे आणि सैन्य यांनी या गाड्या झिजवल्या. आज जुन्या बाजारात येणारी जीप बहुधा अशाच कुणाकडून निघालेली असते.

या गाड्यांचा मोठा गुण म्हणजे त्यांच्यात लपवलेलं फारसं काही नाही. शिडीसारखी चॅसी, तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी, पुढे-मागे कमानपाटे, दोन अखंड एक्सल, मधे गिअरबॉक्स आणि तिला चिकटलेला ट्रान्सफर केस. बहुतेक भागांपर्यंत हात पोचतो. बिघाड वाचायला संगणक लावावा लागत नाही. कान, नाक, बोटं, एक टेस्ट लॅम्प आणि साधा मल्टिमीटर यांवर नव्वदीच्या दशकातली जीप जवळजवळ पूर्ण तपासता येते. म्हणून घरी शिकायला यापेक्षा चांगली गाडी मिळणं कठीण.

तरीही अशा कितीतरी जीप पत्र्याच्या शेडखाली उभ्या राहून सडतात. भाग मिळत नाहीत म्हणून त्या सडतात असं सांगितलं जातं, पण माझ्या पाहण्यात तसं क्वचितच आहे. त्या सडतात कारण मालकाने आधी भाग बदलले आणि कारण शोधायचं राहून गेलं. गाडी चालू होत नाही म्हणून बॅटरी बदलली, मग स्टार्टर, मग नोझल, मग डिझेल पंप. पैसे संपले, उमेद संपली आणि शेवटी दोष निघाला तो इंजिन व चॅसीमधल्या गंजलेल्या अर्थिंगच्या पट्टीत. या पुस्तकाचं सगळं म्हणणं एका वाक्यात मावतं : आधी कारण, मग पाना. बाकीची प्रकरणं म्हणजे त्या वाक्याचा विस्तार.

या पद्धतीचा एक जुना, आपल्याच मातीतला दाखला तंजावरात आहे. तिथले मराठा राजे दुसरे सरफोजी १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. त्यांनी धन्वंतरी महाल स्थापन केला. तिथे औषधं तयार होत, पारखली जात आणि रोग्यांवर उपचार होत. डोळ्यांच्या रुग्णांच्या त्या काळातल्या लेखी नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसकट, सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेल्या आहेत. आधी पाहिलं, मग लिहिलं, मग हात लावला, हा त्यांचा क्रम. राजवाड्यात पाळली गेलेली ही शिस्त अंगणातल्या जीपलाही लागू पडते. म्हणून पहिल्या प्रकरणात हत्यारांच्याही आधी वही आली आहे. वहीत तारीख, किलोमीटर, इंजिन थंड होतं की तापलेलं, बिघाड दिसण्याआधी गाडीवर कोणतं काम झालं होतं, लक्षण नेमकं काय, आपण काय तपासलं आणि काय सापडलं, एवढं लिहायचं. दुसरा नियम असा की एका वेळी एकच बदल करायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर तिला कशाने गुण आला ते कधीच कळत नाही आणि बिघाड परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

या रीतीने विचार कसा चालतो ते तीन-चार उदाहरणांनी सांगतो. सविस्तर कृती पुढे आहेतच.

पहिलं उदाहरण सेल न लागण्याचं. किल्ली फिरवली, 'टक्' असा आवाज आला आणि पुढे काही नाही. मल्टिमीटर बॅटरीला लावा. गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी. आता कुणाला तरी सेल मारायला सांगा आणि आकडा पाहा. तो साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरीवर संशय घ्यावा. आकडा बारावरून हलतच नसेल, तर वीज बॅटरीतून बाहेर पडत नाही. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं थेट इंजिनच्या लोखंडाला लावून पुन्हा सेल मारा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थिंगची वाट खराब आहे. पट्टी काढायची, दोन्ही टोकं कानसीने चकचकीत करायची, घट्ट बसवायची. पॉझिटिव्ह बाजूही अशीच तपासायची आणि तिथे दोष नसेल तरच स्टार्टर खाली उतरवायचा. एवढ्याने नवी बॅटरी आणि नवा स्टार्टर यांचा खर्च अनेकदा वाचतो.

दुसरं उदाहरण : इंजिन चालू होतं, पाच-दहा मिनिटं नीट चालतं आणि मग धापा टाकत बंद पडतं. थोडं थांबून हँड प्रायमर मारला की पुन्हा चालू. बहुतेक जण लगेच डिझेल पंपाकडे बोट दाखवतात. पण पंपाच्या आधी टाकी आहे, टाकीचं हवेचं छिद्र आहे, जुना रबरी पाइप आहे, फिल्टर आहे. यांतला दोषी शोधायची सोपी युक्ती म्हणजे स्वच्छ डिझेलचा छोटा कॅन इंजिनाहून उंचावर पक्का बांधायचा आणि त्याची नळी थेट फिल्टरच्या आत येणाऱ्या बाजूला जोडायची. हवा काढायची, म्हणजे फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत प्रायमर मारायचा. आता इंजिन अर्धा तास बिनतक्रार चाललं, तर फिल्टर आणि पंप निर्दोष ठरले. चूक मागच्या बाजूला आहे. तडा गेलेला पाइप डिझेल गळू न देताही हवा आत ओढू शकतो, त्यामुळे जमिनीवर थेंब दिसत नाही म्हणून पाइप चांगला असं धरून चालायचं नाही. ही युक्ती गाडी उभी असताना, उघड्यावर आणि आगीपासून लांबच करायची.

तिसरं उदाहरण तापण्याचं, आणि ते आमच्या भागात सुगीच्या दिवसांत हमखास भेटतं. भाताची मळणी चालू असलेल्या शेतातून गाडी फिरली की भूस उडून रेडिएटरच्या जाळीत बसतं, त्यावर चिखलाचे शिंतोडे वाळतात आणि वारा आत जायचा थांबतो. काटा लाल रेघेकडे गेला की मालक थर्मोस्टॅट काढून फेकतो. हा चुकीचा रिवाज आहे. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन नीट गरम होत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही आणि खरा दोष तसाच राहतो. क्रम असा ठेवावा : पाण्याची पातळी, फॅन बेल्टचा ताण, जाळीतला कचरा, रबरी नळ्या, मग थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून उघडतो का ते पाहणं, मग पाण्याचा पंप. यांत काही सापडलं नाही तर थंड इंजिनावर झाकण उघडून गाडी चालू करावी. तोंडाशी सतत बुडबुडे येत राहिले किंवा डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं, तर हेड पॅकिंगकडे वळावं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कोणत्याही घाईत उघडू नये. आतलं पाणी दाबाखाली असतं आणि ते तोंडावर उसळतं.

चौथं उदाहरण ज्यासाठी ही गाडी घेतली त्याच गोष्टीचं. कावेरीच्या वाळूत मागची चाकं रुतली, फोर-व्हीलचा दांडा ओढला, तरी पुढची चाकं ढिम्म हलत नाहीत. ट्रान्सफर केस गेला, असा निष्कर्ष घाईने निघतो. बऱ्याच जीपना पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे लॉकिंग हब असतात. त्यांतला एक जरी 'फ्री' राहिला, तरी पुढचा डिफरन्शिअल सगळी ओढ त्या मोकळ्या बाजूलाच वाया घालवतो. म्हणून आधी खाली उतरून दोन्ही हब पाहायचे. मग दांड्याची जोडणी, मग पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरतो का. शाफ्ट फिरत असेल तर ट्रान्सफर केस आपलं काम करतो आहे आणि दोष त्याच्या पुढे आहे. कोरड्या वाळूत एवढी तपासणी दोन मिनिटांत होते.

याच्याच जोडीला एक इशारा. या जुन्या जीपांच्या ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या व मागच्या एक्सलमध्ये फरक सामावून घेणारा डिफरन्शिअल नसतो. फोर-व्हील लावून कोरड्या डांबरावर वळणं घेतली तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो ताण शाफ्ट, क्रॉस आणि गिअरांवर जातो, स्टिअरिंग जड होतं आणि दांडा बाहेर निघेनासा होतो. तंजावरच्या रस्त्यावर मागच्या दोन चाकांवरच चालायचं आणि बांधावर उतरल्यावर चार लावायची. चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे ठेवायचे, तेही याच कारणासाठी.

कावेरीच्या खोऱ्यातल्या गाडीसाठी पाण्यावर वेगळं प्रकरण आहे. बांधावरून चालून तापलेला एक्सल एकदम थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते. एक्सलवरचा ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करण्याची छोटी वाट, चिखलाने बुजलेली असेल तर ती हवा ऑइल सीलमधून पाणी आत ओढते. बाहेरून काही दिसत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी बेअरिंग घरघरतं आणि मग क्राउन-पिनियनचा खर्च उभा राहतो. ब्रीदर मोकळा ठेवणं, त्याला रबरी नळी लावून तोंड उंचावर नेणं आणि पाण्यातून आल्यावर डिफरन्शिअलच्या प्लगमधून थोडं ऑइल काढून पाहणं, ही तीन कामं घरच्या घरी होतात. ऑइल दुधाळ असेल तर त्याच आठवड्यात बदलावं. पुढच्या एक्सलचे बंद नकल, चाकांची बेअरिंगं आणि ब्रेकचे ड्रम यांनाही पाण्यानंतर पाहणी हवी. ड्रममध्ये गाळ राहिला तर लायनर कानसल्यासारखे झिजतात. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ती धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून काढावी.

आवाजांवरचं प्रकरण थोडं लांबलं आहे, आणि ते मुद्दाम तसं ठेवलं आहे. जिथे दर वर्षी पुष्य बहुल पंचमीला संगीतकार त्यागराजांच्या समाधीपाशी शेकडो गायक एकत्र बसून गातात, त्या या गावाला ऐकण्याचं महत्त्व निराळं सांगावं लागत नाही. जीपचे आवाजही ओळखता येतात, फक्त प्रत्येक आवाजाला ठरावीक प्रश्न विचारावे लागतात. वेगाबरोबर वाढतो की इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर? क्लच दाबल्यावर थांबतो का? वळताना एका बाजूला बदलतो का? ॲक्सिलरेटर सोडल्यावर सूर पालटतो का? गाडीचा भार एका बाजूला गेल्यावर घरघर वाढली तर त्या बाजूच्या चाकाचं बेअरिंग आधी तपासावं. क्लच दाबल्यावरच येणारी किरकिर बहुधा क्लच बेअरिंगची. दाब देताना एक आणि सोडताना दुसरा सूर काढणारा मागचा एक्सल क्राउन-पिनियनच्या बसणीविषयी बोलत असतो. गाडी हलताना येणारा एकच 'कट्' प्रोपेलर शाफ्टच्या झिजलेल्या क्रॉसचा असू शकतो. धुराचंही असंच. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतं आहे, आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा आत शिरलेलं पाणी.

हत्यारांची यादी छोटी ठेवली आहे. चांगल्या पोलादाचे रिंग आणि ओपन पाने, सॉकेटचा संच, टॉर्क पाना, फीलर गेज, ग्रीस गन, बेअरिंग पुलर, मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प. नवरात्रातल्या नवमीला तमिळ घरांत सरस्वतीपूजा आणि आयुधपूजा एकाच दिवशी होते. पुस्तकं आणि हत्यारं एकाच पाटावर मांडून त्यांना एकच गंध लागतं. महाराष्ट्रातल्या खंडेनवमीलाही हत्यारांना हाच मान आहे. पण पूजेला न मांडलं जाणारं, तरीही सर्वांत मोलाचं सामान म्हणजे लोखंडी स्टँड आणि चाकांना लावायचे लाकडी ठोकळे. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही, एका मिनिटासाठीही, जाऊ नये.

जुन्या महिंद्र जीपांत ठोकळे लावण्याला आणखी एक कारण आहे. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी, प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागचं एक चाक जॅकने हवेत उचललं की हा ब्रेक कुचकामी ठरतो, कारण शाफ्ट अडवलेला असला तरी डिफरन्शिअल जमिनीवरचं चाक एका दिशेने आणि हवेतलं चाक उलट दिशेने फिरू देतो. गिअरमध्ये ठेवलेली गाडीही याच वाटेने घरंगळते. ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही, हा नियम पुस्तकात प्रत्येक कृतीच्या आरंभी पुन्हा छापला आहे. वाचकाला तो कंटाळवाणा वाटला तरी चालेल.

घरी काय करू नये हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन आणि नोझलचा दाब यांसाठी टेस्ट बेंच लागतो. ते काम पंपवाल्याचंच. फवारणाऱ्या नोझलसमोर हात तर कधीच धरू नये, इतक्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं आणि अशी जखम थेट शस्त्रक्रियेपर्यंत नेते. हेडची पातळी, बोअर, क्रँकची घासाई हे लेथवाल्याचं काम. तडकलेली चॅसी कुणाही वेल्डिंगवाल्याकडून शिवून घेऊ नये, त्यासाठी जाणता माणूस शोधावा. तिरुवैयारु-तंजावर-कुंभकोणम या पट्ट्यात असे जाणते हात कमी नाहीत. स्वामिमलैचे स्थपती पंचधातूच्या मूर्ती ओततात, तंजावरचे कारागीर फणसाच्या लाकडातून वीणा कोरतात, आणि रस्त्याकडेच्या लेथ पट्टरैमध्ये, म्हणजे कारखान्यात, झिजलेल्या पिनसाठी नवी बुश मापाबरहुकूम करून मिळते. मात्र पट्टरैत जाताना आपल्याला नेमकं काय हवं ते सांगता आलं पाहिजे. 'गाडीत आवाज येतो' असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा मोजलेली बुश हातात घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम स्वस्तात आणि चोख होतं. घरी तपासायला शिकलेला माणूस मिस्त्रीचं पोट मारत नाही. तो मिस्त्रीला त्याच्या कसबाचं खरं काम देतो.

गाडी विकत घेतानाची पाहणी हाही दुरुस्तीचाच भाग आहे. इंजिन दमदार आहे म्हणून भुलू नये. इंजिन बदलता येतं, कुजलेली चॅसी बदलणं फार अवघड. गाडी नागपट्टिणमकडच्या किनाऱ्यावरून किंवा कोकणातून आली असेल तर चॅसीच्या पोटातून, पाट्यांच्या शॅकलपाशी आणि बॉडीच्या माउंटखाली स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहावा. नवा रंग दिसला तर तिथे आधी पाहावं. थंड इंजिनावरच चालू करायला सांगावं, कारण आधीच तापवून ठेवलेलं इंजिन आपले दोष झाकतं. आणि कागदाचं पान उलटल्याशिवाय पैसे देऊ नयेत. चॅसी आणि इंजिनवरचे क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळले पाहिजेत. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, आणि १५ वर्षं उलटलेल्या खासगी गाडीचं नूतनीकरण झालेलं असणं आवश्यक. खरेदीदाराने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. दुसरं इंजिन चढवणं किंवा बॉडीची ठेवण बदलणं हे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली येतं आणि उत्पादकाच्या मूळ आराखड्याशी विसंगत फेरबदल चालणार नाहीत असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेला आहे. म्हणून या पुस्तकात गाडी नटवण्यावर एकही प्रकरण नाही. गाडी जशी बनली तशी चालती करणं, एवढंच त्याचं काम.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. गाडीतून काढलेलं जळकं ऑइल कालव्यात किंवा अंगणाच्या कोपऱ्यात ओतू नये. आमच्याकडे प्रत्येक चर कुठल्या ना कुठल्या नदीला मिळतो आणि त्याच पाण्यावर खालच्या अंगाची भातशेती उभी असते. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात साठवून ते गोळा करणाऱ्या अधिकृत माणसाकडेच द्यावं. जुन्या बॅटरीचंही तसंच. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत करावी.

हे सगळं मराठीत लिहिण्याची गरज का वाटली, तेही सांगतो. या गाड्यांची कारखान्याची मॅन्युअलं इंग्रजीत आहेत आणि मिस्त्रींचं ज्ञान तोंडी आहे. मुंबईत जुळलेल्या, नाशिकला बनलेल्या गाडीविषयी मराठीत क्रमवार, कारणासहित लिहिलेलं फार कमी सापडतं. जुने मिस्त्री थकत चालले आहेत आणि नवी मुलं संगणक लावून बिघाड वाचणाऱ्या गाड्यांवर शिकतात. त्यांचं शिक्षण योग्यच आहे, पण जुन्या जीपचं ज्ञान आज कागदावर उतरलं नाही तर पुढच्या पिढीला ते मिळणार नाही. इथल्या पट्टरैंतल्या अनेक अण्णांनी मला तमिळमध्ये शिकवलं, हातातलं काम बाजूला ठेवून कारणं समजावली आणि मोबदल्यात फारसं काही मागितलं नाही. या पुस्तकातलं जे चांगलं आहे ते त्यांचं आहे.

वाचकांना शेवटची विनंती. हे पुस्तक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग वाचायची गरज नाही. पहिली दोन प्रकरणं, म्हणजे नोंदवही आणि सुरक्षितता, मात्र पूर्ण वाचा आणि मगच आपल्या गाडीच्या लक्षणाचं प्रकरण उघडा. शहाण्या मिस्त्रीशी ओळख ठेवा, त्याला प्रश्न विचारा आणि त्याने सांगितलेलं वहीत उतरवा. आपल्या भागात, आपल्या मॉडेलवर जे सापडेल ते मराठीतच लिहून ठेवा आणि दुसऱ्याला द्या. आणि जीप घ्यायचं ठरलंच असेल, तर तिच्या आधी चार मजबूत स्टँड घ्या.